रेघा पुसणारी गाडी

मी एक जुनी बर्फ सारवणारी गाडी आहे. मित्रांनो, रिंकवर मुलं तासभर घसरली की बर्फाची अगदी चाळण होते. मग मी निघते. माझ्या पोटाखालचं लांब पातं वरचा खरवडलेला थर कापतं, तो भुगा मी पोटात घेते आणि मागे लोंबणाऱ्या ओल्या फडक्याने गरम पाण्याचा पातळ हात फिरवत जाते. पाणी गोठलं की बर्फ पुन्हा काचेसारखा होतो. अमेरिकेत मला सगळे झांबोनी म्हणतात. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही नावं ठेवणार नाही. माझा स्वभाव मत्सरी आहे.

माझा जन्म कॅलिफोर्नियातला. तिथे बर्फ फक्त सरबताच्या पेल्यात दिसायचा. मग एका लांबलचक ट्रकवर चढवून मला मिनेसोटात, ईडन प्रेरीला आणलं. इथे हिवाळ्यात तळीसुद्धा गोठतात, तरी लोक छपराखाली वेगळा बर्फ कशाला पाळतात, हे मला कळेना. मग मी हॉकी पाहिली आणि कळलं. इथल्या मुलांना चालण्याआधी हॉकी येते. आमच्या रिंकमध्ये एक मोठं मैदान होतं आणि एक धाकटं, आणि दोन्हीकडे मी एकटीच. मी बाहेर आले की मुलं मैदानाभोवतीच्या काचेला नाक लावून बघत राहायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग अर्णव आणि सावनी आले.

ही दोघं सख्खी भावंडं. त्यांचे आईबाबा, मृणालिनी आणि प्रताप, मिनियापोलिसच्या ऑफिसांत नोकरीला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या पार्टीला ही मुलं रिंकवर आली आणि घरी जायलाच तयार होईनात. दोघांनी बर्फावरचं जोडीनृत्य धरलं. त्यात मोठ्या उड्या नसतात. दोघांनी एकमेकांना धरून, बुटाखालच्या पात्याच्या एकाच कडेवर झुकत, गाण्याच्या तालावर घसरत जायचं असतं. आई पहाटे फॉइलमध्ये थालीपीठ बांधून आणायची आणि दोघं बाकावर बसून एकाच डब्यातून खायची. मंडळाच्या गणपतीत काका-काकू त्यांना पकडून विचारायचे, "बर्फावर भरतनाट्यम करता का रे?"

त्यांच्या पायांच्या रेघा मी रोज पुसायची. रेघा पुसताना मला सगळं कळतं, मित्रांनो. कोण घाबरत घसरलं, कोण रागात, कोण दमून. या दोघांच्या रेघा रुळांसारख्या होत्या, कायम शेजारी, कायम सारख्या अंतरावर. छान होत्या. पण आता मी मैदानात आले की काचेपाशी कुणी नसायचं. सगळी मुलं बाकाकडे बघायची, जिथे ही दोघं पाणी पीत बसलेली असत. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

दोघं मोठी झाली, बक्षिसं मिळाली, राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचली. तिथे मात्र दोन वर्षं शेवटच्या काहींत आली. त्यांची कोच कॅरल एकदा माझ्याशेजारी उभी राहून आईला म्हणाली की दोघं फार नीटनेटकी नाचतात, पण बहीणभावाला प्रेमाचं नृत्य करता येत नाही, आणि हल्ली परीक्षकांना तेच हवं असतं. त्याच उन्हाळ्यात एस्टोनिया नावाच्या लहानशा देशातून विचारणा आली. तिथल्या मार्टिन नावाच्या मुलाला जोडीदारीण हवी होती. सावनीने त्या देशाकडून खेळायचं, राहायचंही तिथेच.

सावनीने अर्णवला ते कठड्यापाशीच सांगितलं. "दादा, आय सेड यस."

अर्णव बुटाची नाडी सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "गुड. जा ना. मला तसंही कॉलेज करायचंय."

त्याने बूट पिशवीत घातले आणि सगळ्यांना सांगत सुटला की आपण शिक्षणासाठी खेळ सोडला. आईनेही तेच सांगितलं. खरं काय ते त्याला माहीत होतं आणि मला.

यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. अर्णवला रिंकवर अर्धवेळ काम हवं होतं, आणि त्याला माझ्यावर बसवलं! पुढे त्याला कंप्युटरची चांगली नोकरी लागली, ती तो घरूनच करायचा, पण सकाळी माझ्याकडे यायचं त्याने सोडलं नाही. त्याच्याइतका हलका हात मला कुणाचाच मिळाला नाही. कोपऱ्यात किती वळायचं, पाणी कुठे आवरायचं, त्याला सांगावं लागत नसे. तो माझं पातं वेळेवर बदलायचा, फडकं जरा विरलं की नवं मागवायचा. आणि काम संपल्यावर माझ्याच सीटवर बसून फोनवर सावनी आणि मार्टिनचे व्हिडिओ बघायचा.

"कोपर बघा याचं," तो स्वतःशीच पुटपुटायचा. "आणि हे म्हणे जगात नाव काढणार."

नाव मात्र ते काढत होते. प्रत्येक स्पर्धेत एकदोन पायऱ्या वर. अर्णव तो व्हिडिओ पहिल्यापासून पुन्हा लावायचा. मला त्याचा तो जळफळाट फार जवळचा वाटायचा. दोन मत्सरी जीव एका ठिकाणी असले की त्यांचं बरं जमतं.

मग मार्टिनची पाठ दुखावली. डॉक्टरांनी खेळ बंद केला आणि सावनी परत आली. दुसऱ्या देशाकडून खेळायचं तर आधीच्या देशाने मोकळं करावं लागतं, आणि वर एक मोसम स्पर्धेबाहेर बसावं लागतं. ते वर्ष तिने ईडन प्रेरीत, आपल्या जुन्या खोलीत काढायचं ठरवलं. संकटं एकटी येत नाहीत म्हणतात. त्याच सुमारास रिंकने बॅटरीवर चालणारी नवी गाडी घेतली. आवाज नाही, धूर नाही, अंगावर निळी चकाकी. मोठं मैदान तिला मिळालं आणि मला धाकटं. सवत आली ती अशी, सगळ्यांच्या टाळ्यांत.

पण त्या निळीपेक्षा मला सावनी जास्त खुपायची. तिला सरावाला कुणीतरी हवं होतं, आणि अर्णवने ते जुने बूट बाहेर काढले. आता तो माझ्यावर बसायचा तो घाईत, एक फेरी कमी मारायचा, मला दारापाशी उभी करायचा आणि उडी मारून बर्फावर. मी इंजिन गार होईपर्यंत तिथूनच बघत राहायची. तो हसायला लागला होता. आई पुन्हा थालीपीठ आणायला लागली. मला वाटायचं, ही एकदाची जावो.

हिवाळ्यात एका सकाळी दोघं कठड्याला टेकून दम खात होती.

"सावू, एक विचारू?" अर्णव म्हणाला. "आपण दोघांनीच परत ट्राय केलं तर? तसंही हे वर्ष तू बसूनच आहेस. पुढच्या वर्षी यूएससाठी खेळू. मी जॉब पार्ट-टाइम करतो."

सावनी हातमोज्याशी चाळा करत म्हणाली, "दादा, तुझ्याबरोबर मला कधीच भीती वाटत नाही."

"मग चांगलंच आहे की."

"दॅट्स द प्रॉब्लेम. भीती वाटत नाही म्हणून मी झुकतच नाही. तू मला सांभाळतोस आणि मीही जपूनच नाचते. जजेसना ते दिसतं यार." मग ती हळूच म्हणाली, "पुढच्या महिन्यात एक मुलगा येतोय, बालिंट म्हणून. हंगेरीकडून खेळतो, मिशिगनमध्ये ट्रेनिंग करतो. त्याची कोच मिनियापोलिसला येणारच आहे, तर इथेच ट्रायआउट ठेवलंय. आय वॉज गोइंग टु टेल यू."

"इथेच?"

"हो. बर्फ तू करशील ना?"

अर्णव म्हणाला, "करतो की." आणि माझ्याकडे आला. त्या दिवशी त्याने इतक्या जोरात गिअर टाकला की माझे दात हलले.

बालिंटच्या चाचणीच्या दिवशी मोठं मैदान हॉकीकडे होतं, त्यामुळे सगळं धाकट्या मैदानावर, म्हणजे माझ्याकडे आलं. बालिंट उंच, लाजाळू मुलगा होता. येताना त्याने सावनीच्या आईसाठी चॉकलेटचा डबा आणला होता. बरोबर त्याची म्हातारी कोच होती. बाबाही ऑफिसला दांडी मारून आले होते. सगळे काचेमागे उभे राहिले आणि अर्णव माझ्यावर चढला.

आता गंमत बघा, मित्रांनो. माझ्या मत्सराला त्या दिवशी उत्तम बर्फ हवा होता. उत्तम बर्फ झाला की चाचणी उत्तम होईल, मग सावनी जाईल आणि अर्णव पुन्हा माझा. मी जीव तोडून चालले. पहिल्या फेऱ्या सुंदर झाल्या. पण पलीकडच्या टोकाला, जिथे त्यांची मोठी वळणं येणार होती, तिथे मला जाणवलं की पाण्याची तोटी सैल होतेय. अर्णवचा हात तिच्यावर होता. चूक करणारा हात असा घट्ट नसतो. पाणी भळाभळा सांडलं. पुढच्या फेरीत पुन्हा तिथेच. मी ओरडू शकत नाही. मी सारवत गेले आणि माझ्यामागे डबकं साचत गेलं.

त्याने मला दारात उभी केली, पण खाली उतरला नाही.

सावनी सगळ्यांच्या आधी बर्फावर आली. त्या टोकाला गेली, वाकली, हातमोजा काढून पाण्यात बोटं बुडवली. मग वळून तिने अर्णवकडे पाहिलं. लहानपणापासून या मैदानावर वाढलेली मुलगी ती, तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"काही प्रॉब्लेम आहे का?" कोचबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"नाही," सावनी म्हणाली. "आज गोठायला जरा वेळ लागतोय. थांबूया."

ती अर्णवबद्दल एक शब्द बोलली नाही. बालिंटला घेऊन काठाकाठाने संथ फेऱ्या मारू लागली, जणू तसंच ठरलं होतं. काचेमागे आई चॉकलेटचा डबा छातीशी धरून उभी होती. तिचं लक्ष बर्फाकडे नव्हतं, मुलाकडे होतं.

अर्णव माझ्यावरून उतरला. भिंतीला टेकवलेला रबरी वायपर घेतला आणि साध्या बुटांनी बर्फावर गेला. सगळ्या पाहुण्यांसमोर, वाकून, त्याने ते पाणी लोटायला सुरुवात केली. दोनदा घसरून गुडघ्यावर आपटला. बालिंट मदतीला आला तेव्हा तो म्हणाला, "नको. पाणी माझ्याकडून जास्त झालं. मीच काढतो." आणि शेवटचा ओघळ निघेपर्यंत तो थांबला नाही. मला त्या वायपरचाही हेवा वाटला.

मग गाणं लागलं.

ते नृत्य कसं झालं हे मी सांगत बसत नाही. मी नंतर रेघा पाहिल्या, तेवढं पुरे. सावनीच्या रेघा इतक्या खोल मी कधी पुसल्या नव्हत्या. वळणावर ती जवळजवळ बर्फाला टेकली असणार. दोघांच्या रेघा रुळांसारख्या नव्हत्या. त्या एकमेकींना छेदत होत्या, दूर जात होत्या, पुन्हा धावत येत होत्या. अर्णव माझ्या सीटवरून वाकून त्या बघत होता. त्याने मला इतकं सावकाश कधी चालवलं नव्हतं.

कोचबाईंनी होकार दिला. सगळे आईबाबांबरोबर जेवायला निघाले. सावनी तेवढी मागे राहिली. ती माझ्या पायरीवर चढली आणि अर्णवच्या सीटला टेकून उभी राहिली.

"पाणी मुद्दाम सोडलंस."

"हो."

"बालिंट पडला असता, दादा."

"माहितीये." तो तोटीकडे बघत म्हणाला, "पहिल्यांदा सोडलं तेव्हाही माहीत होतं. तरी दुसऱ्यांदा सोडलं. सॉरी, सावू."

ती तिथेच पायरीवर बसली. मग म्हणाली, "तुला वाटतं, मलाच सगळं मिळालं. तिकडे मी एकटी पास्ता खायचे आणि आई व्हिडिओ कॉलवर तुझं ताट दाखवायची. वरणभात, तूप, लिंबू. आय हेटेड यू."

"ताटासाठी?"

"ताटासाठी. घरासाठी. आणि तू रोज या बर्फावर असायचास, त्यासाठी."

दोघं हसली, मग सावनी रडली, मग अर्णवही. मला सांगा, अशा वेळी गाडीने काय करावं? मी आपलं थोडं पाणी ठिबकलं.

सावनी मिशिगनला गेली. पुढच्या मोसमात हंगेरीकडून खेळताना ती आणि बालिंट युरोपातल्या मोठ्या स्पर्धेत मधोमध कुठेतरी आले. अर्णवने ती स्पर्धा रिंकच्या ऑफिसात उभ्यानेच पाहिली. त्या सकाळी बर्फ उशिरा झाला आणि हॉकीच्या आयांनी तक्रार केली. तो अजूनही कधीकधी सीटवर बसून बालिंटच्या चुका काढतो. पण संध्याकाळी तो लहान मुलांच्या जोड्यांना शिकवतो, आणि मुलांच्या गडबडीत त्याला माझ्याकडे बघायला वेळ होत नाही. माझं पातं बोथट झालंय. मोठ्या मैदानावर ती निळी डौलात फिरत असते.

मित्रांनो, मत्सर जातो असं मी सांगणार नाही. माझा गेलेला नाही. कुणाच्या हातात आपल्या माणसाचा हात दिसला की तो येतोच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या दिवशी जे काम तुमच्या हातात असेल, ते बिघडवू नका, आणि बिघडवलंच तर सगळ्यांसमोर वाकून निस्तरा. जुन्या वस्तूंनाही विसरू नका. त्या बोलत नसल्या तरी वाट बघत असतात. कधी ईडन प्रेरीला आलात तर धाकट्या मैदानावर या, आणि जाताना ऑफिसात एवढं सांगा की हिचं फडकं फाटलंय, बदला. त्या निळीचं आत्ताच बदललंय. तिच्यासाठी काही बोलू नका.