वास औषधाचाच होता

मित्रांनो, मी एक जुना दुपट्टा हाय, अन् पहिलेच सांगून देतो, मले नाकाजवळ नेऊ नका. हातबी लावू नका. या प्लास्टिकच्या थैलीतूनच माही गोष्ट आयका अन् गाठ तशीच राहू द्या. एका बाईनं मले मायेनं घरात नेलं, त्याच्यातून काय झालं तेच सांगाचं हाय.

मी इकडचाच. आर्णीकडच्या काळ्या मातीत कापूस होतो. बायांनी वेचला, जिनिंगमधी माही सरकी काढली, गठाण बांधली. मंग सूत झालो, मंग मागावर चढलो, मले लाल काठ लागला. एक दिवस आर्णीच्या बाजारात दोरीवर टांगला होतो तं धरमसिंग आला. तांड्यातला शेतकरी. बोटं अशी जाड का सुई धरता येत नाही. त्यानं मले मुठीत चुरगळलं, सोडलं, पुन्हा चुरगळलं.

"नरम हाय," म्हणे.

येवढाच शब्द. पण मले लय भारी वाटलं. तो शब्द मी जपून ठेवला, अन् त्याच शब्दानं पुढं घात केला.

पहिले तीन-चार वर्सं माही मजा होती. धरमसिंगच्या डोक्याले मी, खांद्याले मी. जंगलातून सीताफळं आणाची तं माह्यात बांधून. तांड्यात लग्न असलं का मले हवेत फिरवून नाचे तो. त्याची पोरगी उर्वशी लहान होती तवा एसटीत झोप आली का मले तोंडावर घेऊन झोपे. मले तिचा श्वास ओळखू ये.

मंग उर्वशी मोठी झाली, अन् तिच्या गालावर मुरूम आले. आले तसे गेले, पण खड्डे ठेवून गेले. शाळेतली पोट्टी तिले 'चाळणी' म्हणत. मले राग ये. अरे, मी सोता चाळणी हाय, सुताच्या दोन धाग्यात भोकच असते, त्यात हसाचं काय हाय? शाळा झाल्यावर ती आर्णीच्या कपड्याच्या दुकानात लागली. कापड असं पाहे का हात लावल्यावर सांगे, यात किती सुती अन् किती नायलॉन. पण मालकानं तिले मांगं बसवलं, घड्या घालाले. पुढच्या काउंटरवर दुसरी पोरगी, जिले टेरिकॉट अन् खादी एकच वाटे. कारण सांगितलं नाही त्यानं. सांगाची गरज नव्हती.

उर्वशीनं ठरवलं का हे खड्डे भरून काढाचे. यवतमाळले एक डॉक्टरीण हाय, शाल्मली नावाची, ती बारीक बारीक सुयांनी गालाले टोचते, मंग कातडी सोताच नवी होते. उर्वशीनं चार महिने थांबून तारीख घेतली. घरी याडीले, म्हणजे तिच्या मायले, रामीबाईले सांगितलं. रामीबाई म्हणे, "सुया टोचून कोणाचं बरं झालं व? पण जा. मालकापुढं मान वर करून उभी राह्य, येवढंच मले पाह्यजे."

आता माहं सांगतो. ते वर्स दोन हजार सतराचं. पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, माणसापरीस उंच झालती अन् अळी बोंडाच्या आत बसलती. सारे लोक फवारून राह्यलते. उंच पराटीले फवारा माराचा म्हणजे नळी डोक्याच्या वर धरा लागे, अन् सारं आंगावर पडे. धरमसिंगनं मले नाकातोंडाले बांधलं. माह्याशिवाय त्याच्याकडं काही नव्हतं. मी सारं पेलं. जे त्याच्या नाकात जाणार होतं ते मी माह्या धाग्यात घेतलं. पंप गळे, तोबी माह्यानंच पुसे.

इकडं त्याले औषध म्हणतात. औषध माराचं, औषध आणाचं, आज औषध हाय. तापाची गोळीबी औषध अन् अळीचं जहरबी औषध. या शब्दाचा मले भल्ला राग हाय. पुढं कळन काहून.

उकंडा म्हणून बाजूच्या वावरातला माणूस फवारता फवारता पडला तवा धरमसिंग घाबरला. त्यानं घरात नियम केला. "हा दुपट्टा आता घरात आणाचा नाही. बाहेर बाभळीवरच राहीन." रामीबाईले सांगितलं, उर्वशीले सांगितलं. मले वाईट वाटलं, खोटं कायले बोलू? ज्या घरच्या पोरीच्या तोंडावर मी झोपलो, त्या घराच्या बाहेर काट्याले टांगला गेलो. पण नियम बरोबर होता. मी ऊन खात, वारा खात तिथं राहिलो. उन्हानं माहा रंग पुन्हा पांढरा फक झाला, लाल काठबी उडाला. वरून कोणाले काही दिसे नाही. हेच वाईट झालं.

ज्या दिवशी उर्वशी यवतमाळले गेली, त्या दिवशी सकाळी तिची मावशी आली, कौसल्या, पांढरकवड्याची. भाचीची खबर घ्याले. रामीबाई निंदाले गेलती, धरमसिंग बाजारात. घरात कोणी नाही. अन् कौसल्याले रिकामं बसता येत नाही. तिनं आंगण झाडलं, भांडे घासले, मंग तिची नजर माह्यावर पडली.

"इतका चांगला दुपट्टा काट्यावर कायले टांगला म्हणते मी? फाटून जाईन नं."

नेऊ नको वं, मी म्हणलं. पण माहं कोण आयकते? तिनं मले बादलीत एकदा खळबळलं, पिळलं अन् घरात दोरीवर टाकलं. बाभळीचा नियम तिले कोणी सांगितला नव्हता.

दुपारी उर्वशी आली. गाल लालभडक, जसे तव्यावर ठेवून काढले. पण डोळे हसून राह्यले होते. हातात कागद.

"अगं माये, हे काय करून आली तू? थांब, हळद लावते," कौसल्या उठली.

"हळद नाही मावशी. डॉक्टरनं मना केली."

"हळद नाही तं काय मिरची लावू?"

"काहीच नाही लावाचं. हे पाह्य." उर्वशीनं कागद वाचून दाखवला. आज तोंडाले हात लावाचा नाही, धुवाचंबी नाही. उद्यापासून कोमट पाण्यानं हळू धुवाचं, घासाचं नाही. दिलेली क्रीम सोडून हळद, लिंबू, बेसन, पावडर काही नाही. ऊन नाही, घाम नाही, चुलीची धग नाही. पापुद्रे सुटले तं ओढाचे नाही. उशीचा अभ्रा धुतलेला. तोंडाले कपडा लागलाच तं स्वच्छ, नरम, सुती.

"सुयांनी गालाले बारीक बारीक भोकं पडली हायेत मावशी. दोन-तीन दिवस दारं उघडी हायेत म्हणे. जे लावीन ते आत जाईन."

मी दोरीवर होतो. ते आयकलं अन् माहा धागान् धागा ताठ झाला.

थोड्या वेळानं तिच्या गालाची आग व्हाले लागली. पंखा बंद, लाईट गेलती. उर्वशी इकडून तिकडं फिरे, हातानं वारा घे. कौसल्याले पाहवलं नाही. तिनं कागद नीट आयकला होता, हेच तं दुःख हाय. ती म्हणे, "हात नाही लावत, धूतबी नाही. नुसती गार पट्टी ठेवू का? लिहिलंच हाय नं, स्वच्छ, नरम, सुती."

अन् तिनं मले दोरीवरून ओढलं. अर्धा ओला होतोच, तिनं माठातलं पाणी शिंपडून पुरा ओला केला.

"घे. याच्याहून नरम कापड तुले कुठं भेटन?"

नरम. तोच शब्द.

मी तिच्या तोंडावर पडलो, मित्रांनो. लहानपणी पडे तसाच. तिचा श्वास मी ओळखला, तिनं मले नाही ओळखलं. डोळे मिटलेले होते. पाण्यानं माह्यातलं सुकलेलं जहर पुन्हा जागं झालं. खाली उघडी दारं अन् वर मी. मले पिळून घेता येत नाही, पलटी मारता येत नाही, वाऱ्याबिगर हलता येत नाही. अन् वारा नव्हता.

"मावशी, वास येते."

"कशाचा?"

"औषधाचा."

"मंग? औषधच लावलं नं डॉक्टरनं. येईनच."

अन् उर्वशीले ते पटलं! कारण ते बरोबरच होतं. औषध लावलं होतं, औषधाचा वास येऊन राह्यला होता. एक शब्द अन् दोन वस्तू, अन् मधात एका पोरीचं तोंड. मले वाटलं, फाटून जावं. मनानं कपडा फाटत असता तं मी त्याच वक्ताले फाटलो असतो.

तास झाला. कौसल्यानं मले दोनदा भिजवून पुन्हा ठेवलं. उर्वशीच्या कपाळाले घाम आला. मंग तोंडातून लाळ. तिनं मले बाजूले केलं अन् ओकली. कौसल्या म्हणे, "सुयांचीच चक्कर हाय, उपाशी गेलती नं." तिनं लिंबूपाणी आणलं. उर्वशी म्हणे, "मावशी, अंधार काहून झाला?" बाहेर चार वाजताचं ऊन होतं.

तेवढ्यात धरमसिंग आंगणात आला. बाभळीकडं पाह्यलं.

"कौसल्याबाई, इथचा दुपट्टा कुठं हाय?"

"धुतला मी. पोरीच्या तोंडावर ठेवला, आग होऊन राह्यली तिची."

धरमसिंगच्या हातातली थैली पडली. तो धावत आत आला. पोरीची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मुंगीयेवढी झालती. उकंडाची तशीच पाह्यलती त्यानं. तो ओरडला नाही. त्यानं पोरीले उचललं अन् न्हाणीत नेलं, साबण घेतली.

"बा, नको," उर्वशी म्हणे, जीभ जड झालती, "आज धुवाचं नाही. कागदावर..."

कौसल्या आडवी आली. "अरे भाऊजी, डॉक्टरनं धुणं मना केलं! तिचा चेहरा जाईन!"

"चेहरा गेला तं जाऊ दे. बाजूले हो."

बादलीवर बादली. साबण, पाणी, पुन्हा साबण. सकाळी टोचलेल्या गालावर साबण म्हणजे काय ते तुम्ही इचारू नका. उर्वशी अशी ओरडली का तांडा गोळा झाला. चार महिने थांबून तिनं जे गाल केले होते, ते तिचा बाप सोताच्या हातानं धुवून राह्यला होता, अन् रडून राह्यला होता, अन् थांबत नव्हता.

तांड्यातल्या बाबूसिंगची जीप निघाली. निघता निघता धरमसिंग परत फिरला. त्यानं मले काडीनं उचललं, थैलीत टाकलं, गाठ मारली. ओसरीतली जहराची डबीबी घेतली.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात एक चष्म्यावाला पोरगा डॉक्टर होता. त्या वर्सी खाटा भरल्या होत्या, त्याचे डोळे झोपेनं लाल. कौसल्या बोलत सुटली, "साहेब, सुया टोचल्या, मंग औषध लावलं, मंग चक्कर आली."

त्यानं लाल गाल पाह्यले, उर्वशीचा कागद वाचला. "क्रीमची रिॲक्शन असन. त्या मॅडमले फोन लावा. नंबर हाय का?" अन् तो दुसऱ्या खाटेकडं वळला.

धरमसिंग साहेबलोकांपुढं बोलत नाही. कोतवालापुढंबी बोलत नाही. तो डॉक्टरच्या आडवा आला.

"साहेब, ते औषध नाही. हे औषध."

अन् त्यानं माही गाठ सोडली.

मित्रांनो, साऱ्या दिवसात मले पहिल्यांदा बोलता आलं. माह्याजवळ वासच होता, मी सारा बाहेर सोडला. डॉक्टर दोन पावलं मांगं सरकला. "बांधा ते! पहिले बांधा! कोणतं हाय, डबी आणली का?" डबी पाह्यली अन् त्याची झोपच उडाली. "सिस्टर, हिचे सारे कपडे बदला, केस धुवा. इंजेक्शन काढा, पटकन!"

मंग माही गाठ बांधली गेली. पुढचं मी थैलीतून आयकलं.

उर्वशी नऊ दिवस तिथं होती. वाचली. गालाची साल निघाली, डाग काळे पडले. डॉक्टर शाल्मली सोता पाह्याले आली. तिनं धरमसिंगले येवढंच म्हणलं, "बरं केलं धुतलं." उर्वशीले म्हणे, "सहा महिने आता काहीच नाही. ऊन टाळ, पापुद्रे ओढू नको, कातडीले तिचं काम करू दे." अन् आपल्या कागदावर पेनानं एक ओळ लिहिली: वावरातला, फवाऱ्यातला कपडा धुतला असला तरी नाही. उर्वशीनं ते वाचलं अन् म्हणे, "मॅडम, फवाऱ्यातला म्हणू नका, जहरातला म्हणा. नाही तं इकडं कोणी समजत नाही."

दिवाळी झाली. आज धरमसिंग बांधाच्या कडंले, विहिरीपासून दूर, खड्डा खणून राह्यला हाय. माह्यासाठीच. कौसल्या आली हाय, दूर उभी, कोणाच्या डोळ्यात पाहत नाही. उर्वशीनं तोंडाले नवा, धुतलेला, पिवळा स्कार्फ बांधला हाय. तिनं तो सोडला. गाल चितकबरे. उद्यापासून दुकानात जाणार हाय. तिनं मालकाले सांगितलं, "मी पुढंच बसीन. कापड मले कळते." मालक काय म्हणला मले माहीत नाही. तिनं इचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"मावशी, इकडं ये," ती म्हणे. "तुयी चूक नाही. दुपट्टा खरंच नरम होता."

कौसल्या मोठ्यानं रडली तवा.

बाकीच्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगून शेवटी म्हणतात, आमाले जपा, आमाले फेकू नका. मी उलटं सांगतो. मले जपू नका. ज्या कपड्यानं जहर पेलं तो कितीबी पांढरा दिसो, कितीबी नरम लागो, त्याचं पोतेरं करू नका, लेकराचं दुपटं करू नका, कोणाच्या तोंडावर तं नाहीच नाही. अन् कोणाची कातडी उघडी असन, तं तिच्याजवळ काही न्याच्या पहिले इचारा, हे कुठून आलं, कोणाच्या आंगावर होतं.

खड्डा खोल झाला हाय. रामीबाईनं वरून आवाज देल्ला, "मंग उद्या काय हाय वावरात? औषध माराचं हाय का?"

धरमसिंगनं कुदळ टेकवली.

"जहर," तो म्हणे. "जहर माराचं हाय. अन् तोंडाले दुपट्टा नाही, दवाखान्यातून आणलेला मास्क बांधीन."

बरं झालं. लोटा आता माती. गाठ पाह्यून घ्या तेवढी.