गाळलेलं अर्धं वाक्य

आई-वडील दोघंही जन्मापासून बहिरे, त्यामुळे ती बोलायच्या आधी खुणा करायला शिकली. शाळेत बाईंनी "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं की बाकीच्या मुलांची नुसती तोंडं बंद व्हायची. हिचं सगळंच बंद व्हायचं. पुढे त्याच हातांनी तिला पोटापाण्याला लावलं. कोर्टात, दवाखान्यात, बँकेत, जिथे म्हणून ऐकू न येणारं माणूस अडेल तिथे तिला बोलावणं येई. लोक तिला दुभाषीबाई म्हणत. धंद्याचा नियम एकच. समोरचा बोलेल ते हातांनी सांगायचं, पदरचं घालायचं नाही आणि पदरात काही ठेवून घ्यायचं नाही. न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली काय आणि डॉक्टरांनी गाठ असल्याचं सांगितलं काय, तिचे हात सारख्याच वेगाने चालत. देवाबद्दल कुणी विचारलं तर ती म्हणे, "आमचा पत्रव्यवहार नाही."

वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर सात दिवसांची प्रवचनं ठरली, तेव्हा तिला बोलवायचा आग्रह घड्याळकाकांनी धरला होता. काका तिच्या वडिलांचे मित्र. तेही बहिरे. एवढंसं दुकान, त्यात घड्याळं दुरुस्त करत आयुष्य गेलेलं. काकू, त्याही बहिऱ्या, वर्षापूर्वी वारल्या होत्या. काकांनी आपल्यासारखीच आणखी चार माणसं गोळा केली आणि पाचही जण पहिल्या रांगेत उजवीकडे, तिचे हात नीट दिसतील असे बसू लागले.

प्रवचनकार रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. डोकं स्वच्छ, पण जीभ म्हणजे उतारावरची सायकल. पहिले दोन दिवस सगुणाचे होते. देवाचं रूप, मुद्रा, उचललेला हात, कललेली मान. हातांना मेजवानीच. काकांचा चेहरा फुलून आला होता.

तिसऱ्या दिवशी निर्गुण आलं. या शब्दाला नेमकी खूणच नव्हती. तिने तो अक्षर-अक्षर करून दाखवला, मग "गुण, एकही नाही" असं फोडून सांगितलं. तोवर प्राध्यापक पुढे गेले होते. "त्या तत्त्वाला हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत, कान नाहीत," ते म्हणाले आणि श्वासही न घेता पुढचं बोलून पाण्यात विरघळणाऱ्या मिठाच्या खड्याच्या दाखल्यावर पोचले. पन्नास मिनिटं तिचे हात एकटेच चालत होते. खांदे भरून आले होते. तिने "कान नाहीत" पुरं केलं आणि मधलं काय ते न बघता थेट मिठाचा खडा पकडला. चालत्या गाडीतून एखादी पिशवी पडावी तसं झालं. कुणाला कळलंही नाही.

घड्याळकाका उठले. खुर्ची फरशीवर कर्कश घासली गेली, सगळ्या सभागृहाने वळून पाहिलं, त्यांना अर्थातच पत्ता नव्हता. ते सरळ बाहेर गेले.

चौथ्या दिवशी ते आले नाहीत. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या शिवणवाल्या बाईंनी तिला सांगितलं, "आज सकाळी मी दुकानावर गेले होते. काही बोलेनात. हात खिशात घालून बसलेत."

हात खिशात म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने आयोजकांकडून तिसऱ्या दिवसाचं ध्वनिमुद्रण मागून घेतलं आणि कानाला लावलं. "...कान नाहीत. आणि तरीही ते धरतं, चालतं, बघतं, ऐकतं." पाण्याच्या पिंपाजवळ तिने प्राध्यापकांना गाठलं.

"सर, कालचं एक अर्धं वाक्य माझ्या हातून गळलं. एक माणूस त्यामुळे उठून गेला."

त्यांनी ऐकून घेतलं. "ताई, असं बघा, नकार आधी पचवावाच लागतो. दोन दिवस तो नुसत्या नकारात राहिला तर बिघडलं कुठे?"

"तो राहायला गेलेला नाही, सर. मी ढकललाय त्याला."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग तुम्हीच जा," ते म्हणाले. "आणि माझा वेग जास्त होतो, तेव्हा हात वर करत चला. मी थांबेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली. काकांच्या डोळ्याला भिंग होतं, पुढ्यात एक मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं. तिने टेबलावर दोनदा थाप मारली. हादरा बोटांना लागताच त्यांनी वर पाहिलं. खुणांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. आदर असतो तो चेहऱ्यावर. तिने तो चेहऱ्यावर आणला.

"काका, परवा एक वाक्य मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. उरलेलं गाळलं."

"का?"

"मागे पडले. हात दमले होते."

"मग थांब म्हणायचं त्याला."

"म्हणायला हवं होतं. चुकलं माझं."

काकांनी भिंग काढून ठेवलं. मग बोलू लागले, तसे थांबेनात.

"घरात आम्हाला एकमेकांना हाक मारायची तर दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायचो. दिवा लुकलुकला की समोरचा बघणार. देवालाही मी तसंच बोलावतो, चाळीस वर्षं. तसबिरीवरचा दिवा दोनदा, मग बोलायला सुरुवात. तुझी काकू आजारी पडली तेव्हा रोज सांगत होतो. काय होतंय, कुठे दुखतंय, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. आणि परवा तू सांगितलंस, त्याला डोळे नाहीत. म्हणजे मी आंधळ्यापुढे हात हलवत होतो. ती गेली यात नवल काय? कुणी बघितलंच नव्हतं."

कोर्टात अशा वेळी तिचे हात पुढच्या वाक्याची वाट बघत स्थिर राहत. आत्ताही ते स्थिरच होते, पण वाक्य आता तिलाच बोलायचं होतं.

"उरलेलं अर्धं असं आहे," तिने सांगितलं. "हात नाहीत, तरी धरतो. पाय नाहीत, तरी चालतो. कान नाहीत, तरी ऐकतो. डोळे नाहीत, तरी..." आणि तिचा हात हवेतच अडला. बघण्याची खूण म्हणजे दोन बोटं डोळ्यांपासून निघून समोर जातात. डोळेच नसतील तर बोटं निघणार कुठून?

काका तिच्या अडलेल्या बोटांकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःची दोन बोटं उचलली. भिंतीपासून स्वतःकडे आणली. टेबलाकडून आणली. पाठीमागून, जमिनीकडून, उघड्या घड्याळाच्या आतून, दर वेळी स्वतःकडे.

"असं?"

"मला माहीत नाही, काका. पण मी केलं असतं त्यापेक्षा बरं आहे."

"मग दिवा लुकलुकवायची गरज नाही."

"नसावी."

ते हसले नाहीत. उलट चेहरा कडक झाला. "म्हणजे बघत होता. सगळं बघत होता, आणि तरी ती गेली."

पदरचं घालायची तिला सवय नव्हती.

"हे परवापेक्षा अवघड आहे," काका म्हणाले. "पण आंधळ्याशी भांडता येत नाही. याच्याशी येईल." त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "जा तू. मला काम आहे."

सातव्या दिवशी ते आले आणि नेहमीच्या जागी बसले. शेवटी प्रश्नांना वेळ होता. काका हात वर करून उठले आणि तिने आपल्या आवाजात त्यांचं सांगितलं, "तो बघत असेल आणि काहीच करत नसेल, तर त्याने बघून माझा काय फायदा?"

सभागृहात चुळबुळ झाली. प्राध्यापकांनी कर्माचा सिद्धांत काढला, मग लीला काढली. तिने दोनदा हात वर करून त्यांना थांबवलं आणि प्रत्येक वाक्य पुरं पोचवलं. काका निर्विकार बघत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघता बघता प्राध्यापकांचा वेग आपोआप उतरला.

"खरं सांगायचं," ते शेवटी म्हणाले, "तर हे सगळं मी वाचलेलं आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही."

तिने तेही सांगितलं, मधल्या थांबण्यासकट. काकांनी मान डोलावली आणि ते खाली बसले.

महिन्याभराने ती स्वतःचं घड्याळ दाखवायला दुकानात गेली. जाता जाता तिने विचारलं, "भांडण मिटलं का?"

"कसलं मिटतंय! रोज चालू आहे."

"तो काय म्हणतो?"

काकांनी घड्याळ कानाला लावल्याची नक्कल केली, ही त्यांची जुनी थट्टा, आणि मग हातांनी सांगितलं, "त्याची पाळी अजून आलेली नाही. आधी माझं संपू दे."