यादीतलं माझं घर

पक्षात मला 'तराजू' म्हणतात. दुकान माझं शिलाईचं, पण निवडणूक जवळ आली की मशीन झाकून ठेवतो आणि मतदारांची यादी घेऊन आमच्या गल्लीत दारोदार फिरतो. मत आपलं असेल त्या नावापुढे बरोबरची खूण, विरोधातलं असेल तर फुली, आणि जो ताकास तूर लागू देत नाही त्याच्यापुढे शून्य. लोक मला खरं सांगतात, कारण फुली मारली तरी मी त्यांचा चहा संपवूनच उठतो. गेल्या सहा निवडणुकांत माझा अंदाज चार-पाच मतांपलीकडे चुकलेला नाही. याचा मला भारी गर्व होता. आता सांगतानाही लाज वाटते.

यंदा पक्षाने आमच्या भागातलं सरकारी प्रसूतिगृह बंद करायचं ठरवलं. बायकांनी पुलापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात जायचं. माझी बायको त्याच प्रसूतिगृहात बावीस वर्षं नर्स आहे. गल्लीतली निम्मी पोरं पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातात. निर्णय मला अजिबात पटला नव्हता. बैठकीत मात्र मूग गिळून बसलो. आपलेच दात, आपलेच ओठ. एकतीस वर्षं काढलीत या पक्षात. तो चुकतोय म्हटलं, तर मी इतकी वर्षं दारोदार काय सांगत हिंडलो?

सुताराच्या घरी त्याच्या सुनेने दार उघडलं. सातवा महिना चालू होता तिला.

"काका, अवेळी कळा सुरू झाल्या तर मी पुलापलीकडे जायचं कसं?"

"तिथे सोय फार चांगली आहे," मी पत्रकात छापलेलंच बोललो.

"तुम्हाला पटतं हे?"

"पक्षाने विचार करूनच ठरवलं असेल ना."

ती आत जाऊन पाणी घेऊन आली. मी ते उभ्यानेच प्यायलो आणि निघालो.

घरी आलो तर बायको म्हणाली, "आपलं घर राहिलं की! का मला विचारायचंच नाही?"

"तुला काय विचारायचं?"

"सगळ्यांना विचारता तसंच विचारा."

विचारलं.

"फुली," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही सांगाल तिथे मत दिलं. या वेळी नाही. आणि तुम्हालाही हे पटलेलं नाही, मला काय कळत नाही का?"

तिच्यासमोरच मी फुली मारली. पण दुसऱ्या दिवशी पक्षाच्या कार्यालयाचा जिना चढताना मध्येच थांबलो. तराजूच्याच घरात फुली! आमच्या भागाचे प्रमुख काय म्हणतील, बाकीचे कार्यकर्ते मागून किती हसतील. जिन्यातच खोडरबर काढलं, फुली पुसली आणि बरोबरची खूण केली. एवढ्याने कुणाचं काय बिघडतंय, असं तेव्हा वाटलं.

प्रमुखांनी यादीत सगळ्यात आधी माझंच घर शोधलं. "वा! सिस्टरच आपल्या बाजूने, म्हणजे प्रश्नच मिटला!" मी नुसता हसलो.

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. सुताराच्या सुनेने आग्रह केला म्हणून बायकोही आली होती. दोघी मागच्या रांगेत हातात हात घेऊन बसल्या होत्या. प्रमुख माइकवर म्हणाले, "प्रसूतिगृहावरून ओरड करणाऱ्यांना एकच सांगतो. तिथल्या सिस्टरचंही मत आपल्यालाच आहे. यादी आहे माझ्याकडे!"

सगळ्या माना मागे वळल्या. सुताराच्या सुनेने आपला हात काढून घेतला.

बायको उठली. "मी असं म्हटलेलं नाही. मी फुली सांगितली होती."

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. "काय हो तराजू? यादी तुमचीच ना?"

दोन शब्दांचं काम होतं. मी खोडली. एवढंच म्हणायचं होतं.

"घरी हो म्हणाली होती," मी म्हणालो. "आता इथे चार लोकांत..."

"घरोघरी मातीच्या चुली!" प्रमुख म्हणाले आणि हॉल हसला. मीसुद्धा हसलो. माझं ते हसणं अजून माझ्या कानांतून जात नाही.

हसू ओसरेपर्यंत बायको तशीच उभी राहिली, मग एकटीच निघून गेली. मला तिच्यामागे जाता आलं असतं. मी सभा संपेपर्यंत थांबलो, वर खुर्च्याही उचलल्या.

घरी पोचलो तेव्हा ती ड्यूटीचे कपडे इस्त्री करत होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तोंडातून निघून गेलं."

"निघून कसलं जातंय? चांगला विचार करून बोललात." तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "आता एक करू. यापुढे तुम्ही मला काहीही विचारलंत तरी मी हो म्हणेन. तुम्हाला खोडायचा त्रास नको."

"असं नको गं बोलूस."

ती इस्त्री फिरवत राहिली. शेवटी राहवेना, म्हणून विचारलं, "मला माफ केलंस?"

"हो," ती म्हणाली.