दोन माणसं, एक खोली

टॉवेलांचे दोन हंस… पांढरेशुभ्र, माना वळवून चोचीला चोच लावून बसलेले, आणि त्यांच्याखाली पसरलेला तो पलंग — केवढा रुंद, मधे एकही फट नसलेला. मरियाने दोन बोटांनी मोबाईलवरचं चित्र मोठं केलं. हंस गेले, नुसत्या घड्या उरल्या, एका घडीची शिवण दिसली. तिने चित्र पुन्हा लहान केलं. पुन्हा हंस.

गॅसवर दूध होतं. एंजेलाने तिकडे आयर्लंडात, वॉर्डातल्या चहाच्या सुट्टीत कधीतरी हे पाठवलं होतं, आणि खाली लिहिलं होतं — मम्मी, माझ्या घरापासून चालत येण्याएवढं आहे. दोन माणसं, एक खोली. तू फक्त हो म्हण, मी इथूनच बुक करते.

फक्त हो म्हण. किती सोपं करून ठेवलं होतं पोरीने सगळं. चार नर्सेस मिळून घेतलेल्या तिच्या घरात आईबापाला जागा नव्हती, म्हणून हॉटेल. आणि हॉटेल म्हणजे एक खोली, आणि खोली म्हणजे हे… तिला काय ठाऊक? ती सुट्टीवर आली की मागच्या खोलीत आईच्या कुशीत शिरून झोपायची, आणि पप्पा आपल्यासाठी जागा सोडून पुढच्या खोलीत गेलेत असं समजायची. ती परत गेली तरी पप्पा पुढच्याच खोलीत आणि मम्मी मागच्याच खोलीत, हे तिला कोण सांगणार? सांगायला आधी ते आमचं आम्हाला सांगता यायला हवं होतं.

दूध वर आलं. मरियाने गॅस बंद केला.

"झालं का गं? अकराला बोलावलंय एजन्सीतल्या मुलीने," बाहेरून सॅमसनचा आवाज आला. तो बुटांना पॉलिश करत होता. ट्रॅव्हल एजन्सीत जायचं तर बुटांना पॉलिश! जन्मभर पोस्टाच्या काउंटरमागे बसलेला माणूस. कोणत्याही काउंटरपुढे जाताना तो असाच नीटनेटका होऊन जायचा.

काल व्हिडिओवर बापलेकीचं केवढं वाजलं होतं यावरून.

"पप्पा, एजंट कशाला? तो बघतो तेच मी बघते. वर त्याचं कमिशन. तुम्हाला रांगेत उभं राहिल्याशिवाय काही मिळाल्यासारखंच वाटत नाही!"

"आणि उद्या तिथं गेल्यावर खोलीच नाही म्हणाले तर? कुणाच्या दारात जाऊ? तुझ्या ॲपला दार आहे का?"

"पप्पा, मी आहे ना इथे!"

"तू ड्यूटीवर असणार. आणि ते ॲप सगळं आपल्याच मनाने भरून ठेवतं. बाई, विचारायला माणूस लागतो."

एंजेलाने कपाळाला हात लावला होता. मरिया हसली होती, पण हसताना आतून कुठेतरी दचकली होती. कारण विचारायला माणूस लागतो म्हणजे काय, हे तिने लगेच ओळखलं होतं. एजन्सीतली मुलगी विचारणार. आणि हा सांगणार — दोन वेगळे पलंग द्या. तेवढ्यासाठीच याला एजन्सी हवी आहे. पोरीच्या देखत ते बोलता येत नाही, म्हणून.

तिला ॲप हवं होतं. हे तिने कुणालाही कबूल केलं नसतं. ॲपमध्ये कुणी कुणाला विचारत नाही, कुणी कुणाला सांगत नाही. दोन माणसं म्हटलं की एक पलंग, त्याचं तेच ठरवतं. दार उघडायचं, बॅगा ठेवायच्या, आणि इलाज नाही म्हणून, केवळ इलाज नाही म्हणून… तिला स्वतःचीच लाज वाटली. साठीला आलेली बाई, पालिकेच्या शाळेत पोरांना पाढे शिकवून म्हातारी झालेली, आणि एका यंत्राने आपल्याला नवऱ्याशेजारी नेऊन निजवावं अशी आस लावून बसलेली.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला एक दिवस असतो, एक शब्द असतो, तो शब्द मागे घेता येतो. इथे तसं काहीच नव्हतं. सासूबाई, बनुबाई, अंथरुणाला खिळल्या, आणि त्यांना अंधारात भीती वाटायची. "हितंच नीज गं माझे बाई, मला लई भ्या वाटतंय," असं त्या म्हणाल्या, म्हणून मरियाने आपली चटई त्यांच्या खाटेशेजारी टाकली. नावं विसरल्या, जेवल्याचं विसरल्या, पण शेवगावाकडच्या जात्यावरच्या ओव्या काही त्यांच्या ओठांवरून गेल्या नाहीत —

अंथरूण टाकीते मी, लेकराच्या कुशीपाशी
येशू माझा मेंढपाळ, जागतो गं उशापाशी…

आणि ती ओवी ऐकता ऐकता मरियाला झोप लागायची, जणू खाटेवरची आजारी बाई तिलाच निजवत होती. मग एका पहाटे ओवी थांबली. दफन झालं, पाहुणे पांगले, खाट काढली. मरिया चटई उचलायला वाकली, आणि तिथेच थांबली. वाटलं, तो म्हणेल. 'ये आता इकडे' असं म्हणेल, किंवा नुसतं दारात येऊन उभा राहील. त्या दिवशी तो काही म्हणाला नाही. आईच्या दुःखात आहे बिचारा. दुसऱ्या दिवशीही नाही. मग चटईच्या जागी गादी आली, गादीच्या जागी छोटा पलंग आला. तो पलंग सॅमसननेच आणला, टेम्पोतून, स्वतः उतरवून घेतला — "तुझी कंबर दुखते खाली" म्हणाला. किती प्रेमाने म्हणाला. आणि त्या प्रेमानेच दार लागलं.

सकाळी त्याच्या खोलीतली चादर झटकताना तिला रोज दिसायचं, की तो पलंगाच्या एकाच कडेला झोपतो. दुसरी बाजू सपाट, सुरकुतीही नाही. इतक्या वर्षांत तो कधी मधोमध सरकला नाही. ती स्वतःला सांगायची, सवय असते माणसाला…

"मरिया, रिक्षा आली गं!"

सावेडीतल्या त्या ऑफिसला बेकरीच्या बाजूने जिना होता. पावाच्या वासातून वर चढायचं आणि वर बर्फाच्या डोंगरांचे फोटो. काउंटरमागे पंकजा नावाची मुलगी, एंजेलाएवढीच असेल, कानाला मोबाईल आणि खांद्याने तो दाबून धरलेला. "या काका, या काकू, बसा. सगळे झेरॉक्स आणलेत ना?" सॅमसनने प्लॅस्टिकची फाईल अशी पुढे केली की जणू रजिस्टर पत्र.

"बाप रे, काका, तुमच्यासारखं गिऱ्हाईक मिळालं तर मला दुपारची झोप मिळेल."

"पोस्टात होतो," सॅमसन म्हणाला. एवढं सांगितलं की सगळं सांगितलं, असं त्याला वाटायचं.

"नाश्ता हॉटेलातच धरते. नॉनव्हेज चालेल ना?"

"चालेल काय, पळेल!"

पंकजा खळखळून हसली. मरियाही हसली. आता. पुढचा प्रश्न तोच असणार. तिने भिंतीवरच्या डोंगराकडे पाहायला सुरुवात केली. असं बघत राहायचं, की जणू ऐकूच आलं नाही. तो 'दोन' म्हणेल, ती मुलगी लिहून घेईल, आपण खाली उतरू, पाव घेऊ. काही बिघडणार नाही. जे आहे तेच राहील, फक्त त्याला एका परक्या मुलीच्या तोंडून नाव मिळेल.

"काका, रूममध्ये डबल बेड सांगू की ट्विन? म्हणजे एकच मोठा, का दोन वेगळे?"

सॅमसनने काउंटरवरची फाईल सरळ केली.

पंखा फिरत होता. पंकजाची बोटं कीबोर्डवर थांबली होती. मरियाला वाटलं, हा शब्द जुळवतोय. 'दोन' हा काय जुळवायचा शब्द आहे? आणि मग त्याने घसा साफ केला, काउंटरच्या काचेवरचा एक नसलेला धूलिकण बोटाने पुसला आणि पंकजाकडेच बघत म्हणाला —

"हिला विचारा."

हिला विचारा. डोंगर होता तिथेच होता, पण मरियाला तो दिसेना. इतकी वर्षं जे विचारलं नाही, ते हा असं विचारतो? पावाच्या वासात, एका अनोळखी पोरीकडून, फॉर्मातल्या रकान्यासारखं? आणि त्यासाठी एजन्सी… म्हणजे मला वाटलं ते खोटं. याला सांगायचं नव्हतं. याला विचारायचं होतं, आणि स्वतःच्या तोंडाने विचारवत नव्हतं.

"काकू?"

एक म्हण, तिने स्वतःला सांगितलं. याच्याचसाठी तर सकाळपासून हंस बघत होतीस. पण जीभ हलेना. कारण आता पहिल्यांदाच तिला आपली ती मागची खोली आठवली — खिडकीतला शेवगा, पहाटे उठून आपल्या मनाने लावलेला दिवा, कुणाचंही घोरणं नसलेली शांतता, अंगभर पसरता येणारी… ती खोली मला आवडायला लागली आहे. हे कधी झालं? वाट पाहतेय पाहतेय म्हणताना वाट पाहणं कधी थांबलं? की दोन्ही खरं आहे? नाही म्हणेल म्हणून ज्याला इतकी वर्षं भ्यायले, तो तर गप्प बसलाय. आणि काय म्हणायचं ते मलाच माहीत नाही.

"थांब जरा, बाळ," मरिया म्हणाली. "आम्ही बोलून सांगतो."

"निवांत सांगा काकू, काही घाई नाही." पंकजाचा फोन वाजला आणि ती खुर्ची सरकवून बाल्कनीत गेली.

दोघं शेजारी-शेजारी बसून राहिले. 'बोलून सांगतो' हे शब्द अजून काउंटरवर पडलेले होते. सॅमसन आपल्या चकचकीत बुटांकडे बघत होता.

"आई गेल्यावर मला वाटलं," तो हळूच म्हणाला, "किती जागरणं केलीस… थोडे दिवस तुला निवांत झोपू द्यावं."

"थोडे दिवस?"

"मग तू काही बोलली नाहीस."

"मी बोलायचं?"

"मला वाटलं, तुला तिकडंच बरं वाटतंय."

तिच्या छातीत काहीतरी उसळून आलं. तिला वाटलं, रडू असेल. पण रडू नव्हतं; राग होता, गरम, जिवंत, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात यायचा तसा. मीठ कमी पडलं म्हणून, माहेरी उशिरा पोहोचवलं म्हणून यायचा, तसला. या माणसावर आपण किती वर्षांत रागावलो नव्हतो! त्याला वाढलं, त्याची औषधं काढून दिली, चर्चला त्याच्या शेजारी उभी राहिले, सगळं शहाण्यासारखं, आणि रागावले मात्र एकदाही नाही.

"तुम्ही ना," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला, "तुम्ही अगदी…" पुढचा शब्द सापडेना. बाल्कनीतून पंकजाने वळून पाहिलं आणि समजूतदारपणे पाठ फिरवली.

सॅमसनने मान वर केली. घाबरलेला होता, आणि ओठाच्या कडेला काहीतरी हलत होतं, ते हसू होतं की काय…

"बोल," तो म्हणाला.

आणि मरिया, काय बोलायचं ते अजून ठाऊक नसलेली, खुर्चीतच त्याच्याकडे वळून बसली.