कॅमेऱ्याने मान वळवली

कोचबाईंनी कॅमेरे निवडायला जेवढा वेळ घेतला तेवढा नवरा निवडायलाही घेतला नव्हता, असं त्यांची वहिनी हसत हसत म्हणायची. नवऱ्याची निवड पुढे फसली होती, म्हणून असेल, पण या खेपेला बाई घाई करायला मुळीच तयार नव्हत्या.

चार भिंतींच्या आत गोल्फ शिकवायचा स्टुडिओ ही त्यांची कित्येक वर्षांची हौस. मोठ्या भावाचं, म्हणजे दादाचं, फर्निचरचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरचा लांबलचक हॉल जुन्या सोफ्यांनी भरलेला होता. छत चांगलं उंच. धिप्पाड माणसाने क्लब, म्हणजे गोल्फची काठी, पूर्ण फिरवला तरी टोक कुठे लागायचं नाही. दादाने सोफे हलवले, हॉल बहिणीला दिला. समोर जाड पांढरा पडदा लागला, खाली हिरवी मॅट आली. बॉल मारायचा, तो पडद्यावर आपटून खाली पडायचा, आणि मारताना, म्हणजे स्विंगमध्ये, शरीर काय करतं ते कॅमेऱ्याने टिपायचं. बाईंचं सगळं शिकवणं त्या टिपण्यावर उभं होतं. क्लब वरून खाली येतो तो पापणी लवायच्या आत. तुझं मनगट बॉल लागायच्या आधीच सुटतंय, असं शिकणाऱ्याला घसा कोरडा पडेपर्यंत सांगा, त्याला पटत नाही. त्याचं त्याला दाखवलं की मुकाट्याने ऐकतो.

म्हणून बाई ओळखीच्या कोचांच्या स्टुडिओत जाऊन बसल्या. स्वतःचा क्लब घेऊन जायच्या, मारायच्या आणि चित्र थांबवून बघायच्या. कुठे क्लबची दांडी केळ्यासारखी वाकडी दिसायची, कुठे बॉलच गायब व्हायचा. शेवटी त्यांनी दोन कॅमेरे पक्के केले. एक खेळाडूच्या छातीसमोर, एक मागे, निशाण्याच्या रेषेत. दोन्ही कॅमेरे क्लब धरलेल्या हातांच्या उंचीवर. सेकंदाला शेकडो चित्रं घेणारे, वायरने थेट कॉम्प्युटरला जोडायचे, इंटरनेटशी काही संबंध नाही. सोबत न लुकलुकणारे मोठे दिवे, कारण एवढ्या वेगाने चित्रं घेतली की साध्या ट्यूबलाइटची उघडझाप त्यात दिसते. दादाला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दादा "हो, हो" म्हणाला. मग बाई शाळेतल्या मुलींची टीम घेऊन स्पर्धेसाठी बाहेरगावी गेल्या.

परत येऊन बघतात तर भिंतींवर, छताला लागून, चार पांढरे गोल कॅमेरे डोळे वटारून बसलेले. दादाच्या दुकानात कॅमेरे बसवणारा माणूस आला होता, त्याच्याकडूनच दादाने वरचंही उरकून घेतलं होतं. चित्र जास्त स्वच्छ आहे, हा चारी बाजूंना फिरतो, अंधारातसुद्धा दिसतं, असं दादा कौतुकाने सांगत होता.

"अंधारात कोण गोल्फ खेळतं?" बाईंनी विचारलं.

अजून तिथेच वायरी आवरत असलेला कॅमेरेवाला दादाकडे बघून हसला. तो बाईंशी बोलतच नव्हता. त्यांनी प्रश्न विचारला की उत्तर दादाला द्यायचा. बाईंनी क्लब उचलला, एक बॉल मारला आणि चित्र लावायला सांगितलं. कॉम्प्युटरवर बाई दिसल्या, अगदी स्वच्छ, छतावरून बघितल्यासारख्या बुटक्या, आणि त्यांच्या हातात क्लबच्या जागी फिरत्या पंख्यासारखा एक करडा पट्टा होता. यात मनगट कुठे दिसतं ते दाखवा, असं त्या म्हणाल्या. कॅमेरेवाला दादाला म्हणाला, मॅडमना सवय होईल हळूहळू.

उद्घाटनाची आमंत्रणं गेली होती. दादा म्हणाला, आत्ता चालू तर कर, पुढचं पुढे बघू. बाईंनी दातओठ खाल्ले, पण मान्य केलं. मागचा कॅमेरा त्यांनी उतरवून स्टँडवर हाताच्या उंचीला बसवला, निदान खांदे आणि पाय तरी नीट दिसावेत म्हणून. बाकीचे तीन छताजवळ तसेच राहिले.

शिकवणं सुरू झालं आणि दादाचे फोनही. आज लवकर आवरलंस का. ती खुर्ची मधेच कशाला ठेवलीस. तो चष्मेवाला माणूस तासभर नुसता गप्पा मारत होता, त्याला कशाला बसवून ठेवलंस. बाईंना वाटायचं, खालच्या दुकानातलं कोणीतरी चहाड्या करतंय. सकाळी आलं की स्टँडवरचा कॅमेरा हमखास भलतीकडे बघत असायचा, कधी दाराकडे, कधी खुर्च्यांकडे. त्या पुन्हा मॅटच्या रेषेत आणायच्या आणि झाडू मारणाऱ्यांवर मनातल्या मनात चिडायच्या.

एकदा दुपारी दातांच्या डॉक्टर आल्या होत्या. या बाई शांत, मेहनती, आणि त्यांचं मनगट दर वेळी आधी सुटायचं. कोचबाई त्यांच्या शेजारी उभ्या राहून हात धरून दाखवत होत्या, तेवढ्यात डॉक्टर थबकल्या.

"तो हलला," त्या म्हणाल्या.

कोचबाईंनी मागे बघितलं. स्टँडवरचा कॅमेरा बारीक घर्रघर्र आवाज करत मान वळवत होता. सावकाश. तो मॅटवरून कोचबाईंच्या चेहऱ्यावर आला आणि तिथेच थांबला. हॉलमध्ये त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. रिमोट नाही, काही नाही. मग कोचबाईंचा फोन वाजला. दादा. एवढ्या जवळ उभं राहून काय शिकवतेस गं, त्याने विचारलं, जेवता जेवता बोलल्यासारखं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते कोचबाईंना तेव्हा कळलं. त्यांनी फोन बंद केला. डॉक्टरांना म्हणाल्या, आजचा वर्ग इथेच थांबवू, मी तुम्हाला नंतर सगळं सांगते. डॉक्टरांनी बॅग उचलली. त्या जाताच कोचबाईंनी शिडी लावली, छताजवळचा एक कॅमेरा पिरगाळून काढला, वायर तुटली तशीच लोंबत ठेवली आणि तो काखेत मारून रस्ता ओलांडून दादाच्या घरी गेल्या.

घरी जेवणं चालली होती. दादाचा मोबाईल पाण्याच्या जगला टेकवून उभा होता आणि त्यावर हॉल दिसत होता, रिकामी मॅट, शिडी, सगळं. दादाशेजारी आई चष्मा लावून बसली होती. तिने मोबाईलकडे बघितलं, मग दाराकडे.

"बेबी, आत्ता तर तू शिडीवर होतीस," आई म्हणाली.

केस पिकायला लागले तरी घरात त्या बेबीच होत्या. त्यांनी कॅमेरा ताटाशेजारी आदळला. आमटी सांडली. वहिनी फडकं आणायला उठली.

हे कधीपासून चाललंय, असं त्यांनी विचारलं. पहिल्या दिवसापासून, हे दादाने काही लपवलं नाही. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. माझी जागा आहे, मी बघणार, असं तो म्हणाला. वरून आणखी म्हणाला, "एकटी बाई, नवऱ्याला सोडलेली. दिवसभर परके पुरुष येतात-जातात. उद्या काही झालं तर लोक कोणाला विचारतील? मलाच ना? तुझ्याच भल्यासाठी लक्ष ठेवतो."

"मी स्विंग बघायला कॅमेरे मागितले होते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आला होता की वहिनीचा हात फडक्यावर थांबला. "तू मला बघायला आणलेस."

आई मधे पडली. मला तर बरं वाटतं गं, ती म्हणाली, एवढी समोर असून तू इकडे फिरकत नाहीस, निदान दिसतेस तरी. आज तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस हेही मला माहीत आहे. ती हे मायेनेच म्हणाली, आणि त्या मायेनेच बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दादावर ओरडता येत होतं. आईवर कसं ओरडणार?

"आई, मला बघायचं असेल तर हाक मार, मी येईन," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना तू जेवताना का बघतेस?"

आईने चष्मा काढला. तिला हे सुचलंच नव्हतं.

बाई परत हॉलवर आल्या, उरलेले तिन्ही कॅमेरे काढले आणि खोक्यात भरले. लहानपणी गोल्फ दादासाठी होतं. त्याला कोच लावला होता, आणि बेबी त्याचे क्लब पुसायची. दादाने कंटाळून वर्षभरात सोडून दिलं, तिने सोडलं नाही. पुढे ती खेळली, जिंकली, शिकवू लागली, आणि दर वेळी घरातलं कोणी ना कोणी विचारायचं, दादाला विचारलंस का? नवऱ्याला सोडतानासुद्धा. हे सगळं त्यांना आज शिडीवर उभं राहून एकदम आठवलं, आणि एक स्क्रू निघता निघेना तेव्हा त्यांनी तो भिंतीच्या गिलाव्यासकट उपटला.

मग त्यांनी एक काम केलं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला फोन केला. तुमचं शिकणं माझ्या भावाच्या घरी दिसत होतं, मला माहीत नव्हतं, पण जबाबदारी माझी, असं सरळ सांगितलं. मिलिटरीतून निवृत्त झालेले एक काका मोठ्याने हसले आणि म्हणाले, माझा खेळ बघावा लागला, तुमच्या भावाचीच दया येते. काहींनी थंडपणे फोन ठेवला, आणि ते परत आले नाहीत. मग त्यांनी दातांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"मी एकदा पडद्याच्या बाजूच्या कोपऱ्यात घामाचा टीशर्ट बदलला होता," त्या म्हणाल्या. "तो कोपरा दिसत होता का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "दिसत होता," कोचबाई म्हणाल्या. "त्या वेळी कोणी बघत होतं का, ते मला माहीत नाही."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. त्या आवाजाने दादाबद्दलचा राग कित्येक पट वाढला, आणि त्यातला थोडा स्वतःकडेही वळला. पहिल्याच दिवशी तो करडा पट्टा दिसला तेव्हाच आपण कॅमेरे काढायला सांगायला हवं होतं.

दादापर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नाही. तो जिना चढून धापा टाकत आला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीस, दुकानातली गिऱ्हाइकं मला विचारतात, असं तो बोलत सुटला. बाईंनी त्याला संपवू दिलं.

"घरातली गोष्ट होती तेव्हा तू ती जगला टेकवून जेवत होतास," त्या म्हणाल्या. "मी फक्त ज्यांची होती त्यांना सांगितली."

हॉल रिकामा कर, दादा म्हणाला. करते, बाई म्हणाल्या. आणि त्या खरंच करणार होत्या. मॅट गुंडाळायला खाली वाकल्याही. तेवढ्यात दादाच्या मागून जिना चढून वहिनी आली. ही बाई जन्मात नवऱ्याला चारचौघांत उलटून बोलली नव्हती. मला हे पहिल्यापासून माहीत होतं, ती नणंदेला म्हणाली, मला आवडलं नव्हतं, पण मी नुसता मोबाईलचा आवाज कमी करायचे. मग ती नवऱ्याकडे वळली.

"ती गेली की हे सोफे परत वर चढवायला मी येणार नाही," ती म्हणाली. "आणि खाली दुकानात बायका यायच्या बंद झाल्या की विचारणाऱ्यांना कारणही तुम्हीच सांगा."

दादाने दोघींकडे पाहिलं. कॅमेऱ्यांचं खोकं उचलून तो खाली गेला. हॉल दिला असं म्हणाला नाही, काढून घेतला असंही म्हणाला नाही.

बाईंनी आधी निवडलेले कॅमेरे मागवले. ते आले तेव्हा जोडणी करायला वहिनीच मदतीला होती. तिने आयुष्यात क्लब धरला नव्हता. बाईंनी तिला मॅटवर उभं केलं आणि दोरी ताणून रेषा काढली. समोरचा कॅमेरा तिच्या छातीच्या बरोबर मध्यावर, पण पुरेसा मागे, म्हणजे हात वर गेल्यावर क्लब चौकटीबाहेर जाऊ नये. त्याच्यापुढे जाळी, कारण नवख्याचा बॉल कुठेही उडतो. मागचा तिच्या हातांच्या रेषेत, तिच्या हातांच्याच उंचीला. इंचभर इकडेतिकडे झालं की चांगला स्विंगही वाकडा दिसतो, म्हणून वहिनी हलली की बाई खेकसायच्या. मी काय बाहुली आहे का, वहिनी म्हणाली, पण हलली नाही. दिवे लावले, स्टँडचे पाय जमिनीला पक्के केले. वहिनीने क्लब फिरवला, बॉल जागचा हलला नाही, आणि चित्रात क्लबच्या टोकावरची रेघ न् रेघ दिसली.

डॉक्टर एके दिवशी न कळवता आल्या. बॅग खाली न ठेवता त्यांनी कॅमेऱ्याची वायर बोटाने धरली आणि तिच्या मागोमाग कॉम्प्युटरपर्यंत गेल्या.

"पुढे?"

"पुढे काही नाही. इथेच संपते. तास झाला की तुमच्यासमोर पुसून टाकायचं."

डॉक्टरांनी आणखी एकदा चारी भिंती नजरेखालून घातल्या, गिलावा उडालेल्या जागेकडे बघितलं, आणि मग बॅग ठेवली. त्यांनी बॉल मारला. कोचबाईंनी चित्र एकेक पाऊल पुढे सरकवलं. मनगट सुटलेलं होतं, बॉलच्या पुष्कळ आधी. अरेच्चा, डॉक्टर म्हणाल्या, आणि दुसरा बॉल ठेवला.

आई हल्ली अधूनमधून जिना चढून येते, दम खात खुर्चीवर बसते, आणि शिकणारं कोणी आलं की आपणहून उठून जाते. दादा येत नाही. त्याला काही सांगायचं असलं तर तो आईकरवी सांगतो, आणि बाईही आईकरवीच उत्तर देतात. एवढे दिवस झाले, आता तरी राग गेला का, असं वहिनीने एकदा विचारलं. बाई दिवे पुसत होत्या. नाही गेला, त्या म्हणाल्या, आणि जायची घाईही नाही. मग त्यांनी कापड पिळलं आणि दुसरा दिवा पुसायला घेतला.