उशाखालची पिन

आमच्या सानगडीत आता दोन घरांआड एक ट्रॅक्टर आहे. किल्ली फिरवली की सुरू, बिघडला तर एक फोन केला की शोरूमचा पोरगा मोटारसायकलवर हजर. दिसायला छानच आहेत. पण त्यांच्यापायी कोणी भांडत नाही आणि कोणी रडतही नाही, म्हणून मला त्यांच्यात गंमत वाटत नाही.

आमचा ट्रॅक्टर लाल होता. आणला तेव्हा भाजक्या विटेच्या रंगाचा होता, लाल आम्ही केला. माझे सासरे परसराम शाळेत शिपाई होते. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी ते रिटायर झाले. असे पैसे हाती आले की लोक घरावर स्लॅब टाकतात. यांनी एक म्हातारा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे एक ट्रॉली आणून दारात उभी केली. सासूबाईंनी, म्हणजे धुरपताबाईंनी, ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “हे चालते का नुसतं उभं रायते?”

“चालते बी आन् उभं बी रायते,” सासरे म्हणाले.

ते काही खोटं बोलले नव्हते. चिखलणीच्या दिवसांत भर बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उभा राहायचा. धान भरून निघाला की चढावर उभा राहायचा. जयंतीच्या मिरवणुकीत तर ऐन विहारासमोर उभा राहिला आणि पुढचं सगळं वाजतगाजत त्याला ढकलत पार पडलं. घरचे दोघे भाऊ मग त्याच्या पोटात शिरायचे. थोरला धर्मेंद्र, म्हणजे माझा नवरा. (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी अंगणवाडीत दिवसभर गावच्या पोरांची नावं घेते, त्यात हे एक.) धाकटा जीवन. धर्मेंद्रचा कान चांगला. तो नुसता आवाज ऐकून सांगायचा की नोझल गेलं, की डिझेलच्या नळीत हवा धरली. पण पाना हातात घेतला की नट झिजवून ठेवायचा. जीवनचं उलट. त्याला आवाजातलं काही कळत नसे, पण हात असा की अंधारातही बरोबर नटावर जायचा. एकाने सांगायचं, दुसऱ्याने करायचं.

क्लचप्लेट बदलायची तर ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो, हे मला लग्न होऊन आल्यावर कळलं. अंगणात मोहाचे ओंडके खाली लावून त्यांनी त्याचे दोन तुकडे केले. इंजिन आणि पुढची चाकं एकीकडे, मोठी चाकं आणि सीट दुसरीकडे. मधल्या जागेतून आम्ही जावा पाण्याचे हंडे घेऊन येत-जात होतो. मला वाटलं, हा काही आता जोडला जात नाही. संध्याकाळी धर्मेंद्र “अजून, अजून, बस” म्हणत राहिला, जीवनने खांदा लावून अर्धा ट्रॅक्टर पुढे सरकवला, आणि तो खट्कन बसला. सासऱ्यांनी बसल्या जागेवरून टाळ्या वाजवल्या. तेव्हा दोघे भाऊ एका ताटात जेवायचे. हात डिझेलचे, भाताला डिझेलचा वास, आणि सासूबाईंच्या शिव्या. त्या दिवसांची मला अजून आठवण येते, आणि आली की मी हातातलं काम सोडून बसते.

सासरे गेले आणि तिसऱ्या वर्षी भांडण झालं. पाऊस लांबला होता. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, वाफ्यात वाढून पिवळी पडायला लागली होती. मग एकदाचा पाऊस आला आणि बांधीत पाणी साचलं. धर्मेंद्रने आधी बाहेरच्या एका माणसाला शब्द दिला होता, म्हणून तो पहिल्यांदा तिकडे चिखलणीला गेला. तेवढ्यात जीवन बघत होता त्या बांध्यांतलं पाणी उतरलं. धर्मेंद्र परत आला तेव्हा जीवन रस्त्यातच आडवा उभा.

“काहून गेला तू तिकडे? ट्रॅक्टर बाबाचा हाये, तुया बापाचा नाही!”

सगळा मोहल्ला हसला. दोघांचा बाप एकच, हे जीवनला बोलून झाल्यावर सुचलं असणार. पण लोक हसले हेच वाईट झालं. भांडण झालं असतं तर मिटलं असतं, हसं झालेलं मिटत नाही. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, आणि दिवाळी व्हायच्या आत वाटणी आली.

जमिनीची वाटणी सकाळीच झाली. घराची झाली. भांडीकुंडी भावनाने, म्हणजे जीवनच्या बायकोने, आणि मी दुपारपर्यंत वाटून घेतली. अडलं ते ट्रॅक्टरवर. मध्यस्थीला शेजारचे गोपीचंदभाऊ बसले होते. त्यांनी समजावलं की एकाने ट्रॅक्टर-ट्रॉली दोन्ही घ्या, दुसऱ्याने त्या बदल्यात तळ्याखालची बांधी घ्या. कोणी ऐकेना. ट्रॅक्टर धर्मेंद्रला, ट्रॉली जीवनला, अशी वाटणी झाली. असला शहाणपणा आमच्याच घरात व्हायचा. ट्रॅक्टरशिवाय ट्रॉली म्हणजे कोंबड्या बसायची जागा.

सासूबाई दिवसभर ओट्यावर बसून होत्या. सगळं ठरल्यावर त्या उठल्या, ट्रॅक्टरच्या मागे गेल्या, आणि ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरला जिने जोडतात ती लोखंडी पिन दोन्ही हातांनी उपसून काढली. वीतभर लांब, अंगठ्याहून जाड, ग्रीसने काळी झालेली. पदराने पुसली.

“हे माही वाटणी,” त्या म्हणाल्या. “ज्याले पायजे त्यानं मांगाले येजो. पण दोघं संगं आल्याबिगर देत नाही.”

आणि पिन नेऊन आपल्या उशाखाली ठेवली.

तशी पिन साकोलीच्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळते. मी मनात म्हटलं, म्हातारीचा हट्ट आहे, चालेल चार दिवस. पहिल्याच उन्हाळ्यात शेतात शेणखत न्यायची वेळ आली आणि दोघे भाऊ सासूबाईंच्या खोलीत एकमेकांकडे पाठ करून बसले. मला हसू आवरेना.

“माय, त्याले सांग, मले खत न्याचा हाये.”

“धर्मेंद्र, जीवनले खत न्याचा हाये.”

“त्याले म्हण, मी कुठं नाही म्हणतो? सकाळी येतो म्हण.”

“जीवन, दादा सकाळी येते म्हणते.”

दोघांच्या मध्ये हातभरसुद्धा अंतर नव्हतं. सासूबाई इकडचं बोलणं तिकडे, तिकडचं इकडे, एक अक्षर न गाळता पोहोचवायच्या. चहा पाजायच्या. चहा संपल्याशिवाय उशीला हात लावायच्या नाहीत.

जोडतानाही मध्ये त्याच. ट्रॅक्टर मागे घेणाऱ्याला हुक दिसत नाही, ट्रॉलीची दांडी धरून उभ्या असलेल्याने त्याला सांगावं लागतं. आता जीवन धर्मेंद्रला कसं सांगणार? मग तो ओट्याकडे तोंड करून ओरडायचा, “माय, त्याले म्हण मांगे घे!” आणि सासूबाई ओट्यावरून ओरडायच्या, “धर्मेंद्र, मांगे घे म्हणते!” तो मागे घ्यायचा. “माय, जराक डावीकडं!” “डावीकडं म्हणते!” एवढ्या वेळात हुक पुढे गेलेला असायचा. शाळेत जाणारी पोरं थांबून बघायची. एका खेपेची जोडणी होईस्तोवर एक चिलीम ओढून व्हायची, असं गोपीचंदभाऊ म्हणत.

मला लाज वाटायची. एकदा मी साकोलीहून नवी पिन आणली आणि गुपचूप नवऱ्यापुढे ठेवली. त्याने ती उचलून पाहिली, म्हणाला, “चांगली हाये,” आणि गोठ्यात जाऊन शेळी बांधायला ठोकून दिली. महिन्याभराने भावना माझ्याकडे भाजीला आली तेव्हा शेळीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, “वयनी, आमच्या वासराचा बी खुटा असाच हाये.” तिनेही आणली होती. जीवननेही तेच केलं होतं. आम्ही दोघी तिथेच गोठ्यात बसलो आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. त्या दिवशी मला कळलं, या दोघांना पिन नकोच आहे. त्यांना आईच्या खोलीत जायचं आहे. दुसरा तिथे येतो म्हणून.

अशी वर्षं गेली. ट्रॅक्टर आणखी म्हातारा झाला. एकदा आमच्या अंगणात तो सुरूच होईना. धर्मेंद्र “हवा धरली, हवा धरली” म्हणत वाकून नट झिजवत होता. भिंतीपलीकडून जीवनला राहवलं नाही. “माय, त्याले सांग, तो नाही, वरचा नट ढिला करून पंप मार!” सासूबाई आत पडून होत्या, त्यांना खोकला झाला होता. तरी उठून दारात आल्या आणि निरोप सांगितला. ट्रॅक्टर सुरू झाला. सासूबाई दाराची चौकट धरून खोकत राहिल्या. मला पहिल्यांदा भीती वाटली. म्हातारी किती दिवस पुरणार? ती गेली की हे दोघे कोणाच्या तोंडून बोलणार? मी नवऱ्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, “मग नाही बोलणार.” त्याचा चेहरा असा झाला की मी पुढे विचारलं नाही.

सासूबाई गेल्या त्या पौषात. चुरणा, म्हणजे धानाची मळणी, झाला होता, धानाचे ढीग अंगणात पडून होते. सकाळी भावना चहा घेऊन गेली तर त्या झोपल्या जागीच गेल्या होत्या, कुशीवर, एक हात उशीखाली. भावनाचा आवाज ऐकून मी धावले. मग भाऊ आले. दोघे दोन कोपऱ्यांत उभे राहिले. लोक जमले. विहारातून माणसं आली. कोणाला लाखांदूरला फोन, कोणाला भंडाऱ्याला. मग गोपीचंदभाऊ म्हणाले की लाकडं आणायला हवीत, आणि लाकडं तर तळ्यापलीकडे बांधावर रचलेली. ट्रॅक्टर काढा.

ट्रॅक्टर काढा म्हणजे ट्रॉली जोडा, आणि ट्रॉली जोडा म्हणजे पिन.

“पिनच्या जागी सळाख टाकून देतो मी,” गोपीचंदभाऊ म्हणाले. “म्हातारीले कायले हलवता?”

दोघांनी एकदमच मान हलवली. नाही. दोघांच्या गोठ्यांत एकेक पिन ठोकलेली होती, त्यांचं आम्ही कोणी नावही काढलं नाही.

दोघे खोलीत आले. नेहमी बसायचे तिथेच बसले, एक उशाच्या या बाजूला, एक त्या बाजूला. चहा कोणी विचारला नाही.  मग धर्मेंद्रने आईच्या मानेखाली हात घातला आणि डोकं हलकेच वर उचललं, तान्ह्या लेकराचं उचलतात तसं. जीवनने उशीखाली हात घालून आईच्या बोटांतून पिन सोडवली. धर्मेंद्रने डोकं खाली ठेवलं, केस नीट केले.  मी दारात उभी होते. मला वाटलं, आता संपलं. हे शेवटचं काम सोबत केलं, उद्यापासून दोन घरं. मला सासूबाईंपेक्षा त्याचंच रडू आलं, खोटं कशाला सांगू.

बाहेर ट्रॅक्टर चार धक्क्यांनी सुरू झाला. धर्मेंद्र वर बसला. जीवनने ट्रॉलीची दांडी उचलून मांडीवर घेतली, एका हातात पिन. धर्मेंद्रने मान वळवून मागे पाहिलं, जीवनकडे नाही, ओट्याकडे. ओट्यावर आलेल्या लोकांच्या चपला होत्या. ट्रॅक्टर थोडा मागे आला आणि थांबला. हुक अजून बराच लांब होता.

जीवनने ओट्याकडे तोंड केलं. “माय, त्याले म्हण...”

आणि तिथेच थांबला.  इंजिन तेवढं धडधडत होतं. धर्मेंद्र स्टिअरिंग धरून तसाच मागे बघत बसला होता. पुढे जाईना, मागे येईना. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही, पण भावनाने माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं.

“मांगे ये,” जीवन म्हणाला.  मग तो जोरात ओरडला, “दादा, मांगे ये!”

ट्रॅक्टर मागे आला.

“ये. अजून ये. जराक डावीकडं, दादा. ये. ये.”

हुक येऊन दांडीला भिडला. भोकावर भोक बसलं, आता वरून पिन सोडायची तेवढी बाकी होती. पण जीवनला ते दिसतच नव्हतं. गालावरून पाणी वाहत होतं आणि तो म्हणतच होता, “ये दादा, अजून ये, ये...”

धर्मेंद्रने गाडी न्यूट्रल केली आणि सीटवरून खाली वाकला.

“आलो ना बे, जीवन,” तो म्हणाला. “आलो. टाक पिन.”