काहीही झालं तरी एक

पोरीचा आवाज म्हणजे काय सांगावं! "आई, पाणी" म्हणाली की तिसऱ्या घरातलं माणूस तांब्या घेऊन यायचं. सगळे तिला भोंगाच म्हणायचे. ऑटिझम असलेल्या त्या सात वर्षांच्या पोरीला आपला आवाज केवढा, हेच कळत नसे. रागावून उपयोग शून्य. शेवटी आईने पुठ्ठ्यावर पंख्याचा रेग्युलेटर काढला, फिरता काटा लावला आणि तिच्या गळ्यात अडकवला. एक म्हणजे कानातलं बोलणं, तीन घरातलं, पाच मैदानातलं. आईने डोकं फोडून घेतलं, पण पोर शिकली. शिकणं भागच होतं. आई शिलाई कारखान्यात कामाला, आणि शाळेनंतर पोरीला तिथे बसू द्यायची मालकिणीची एकच अट होती. "आवाज आला की दोघी घरी!"

"इथे फक्त एक," आईने बजावलं होतं. "काहीही झालं तरी एक."

आज बाही जोडून आईने मान वर केली, तर कोपऱ्यातलं स्टूल रिकामं आणि रस्त्याकडचं दार सताड उघडं.

आई तशीच दाराकडे धावली. बाहेर ट्रकमागून ट्रक चालले होते. काजबटणवाली मावशी रस्त्याच्या एका टोकाला पळाली, इस्त्रीवाला दुसऱ्या. हाका मारून आईचा घसा बसला, पण ओ नाही. संडास पाहिला, जिन्याखाली पाहिलं.

"कापडाची खोली?" आईने विचारलं.

"त्या खोलीला मघाशी मीच कुलूप घातलं," मालकीण म्हणाली. "तिथे कशी जाईल?"

मावशी धापा टाकत परतली. "अगं, भोंगा तो! जवळपास असती तर ओरडली नसती का?"

आई जागीच थिजली. नसती ओरडली. जीव गेला असता तरी नसती ओरडली. आपणच शिकवलंय तसं!

"मशीन बंद करा!" ती किंचाळली. पण संध्याकाळी माल जायचा होता, कोण ऐकतंय? तिने धावत जाऊन मेन स्विचच खाली ओढला.

"वेड लागलं का तुला?" मालकीण कडाडली.

"चूप! सगळे चूप!"

मशीन थांबली. पंखे काही लवकर थांबेनात. आईने श्वास धरला. मग कापडाच्या खोलीच्या बंद दाराआडून, कसंबसं, "आई, दार उघड. आई, दार उघड."

मालकिणीने किल्ली काढली. आईने किल्ली हिसकावली. कापडाच्या ताग्यांच्या मागे पोर घामाने निथळत बसली होती. अंगठ्याने काटा एकवर दाबून धरला होता.

"किती वेळ हाक मारतेय," ती कुजबुजली.

आईला हुंदका आवरेना. तिने तो काटा पाचवर फिरवला. "अडकलीस, लागलं, भीती वाटली, की पाच. कुठेही."

"इथे एक. नाहीतर दोघी घरी."

सगळ्यांनी मालकिणीकडे पाहिलं. आईने नाही पाहिलं. "माझं चुकलं, बाळा. इथेसुद्धा पाच. ओरड बघू."

आणि पोर अशी ओरडली की खिडकीच्या काचा थरथरल्या. मालकिणीचे हात कानांकडे गेले, अर्ध्यातच थांबले, आणि तिने ते खाली घेतले.